सुतळीच्या दोन गाठी

प्रिय आत्या,

काल दुपारी शोभाबाईच्या विहिरीत वाकून पाहिलं आणि मला तो लाल ओघळ दिसला. नव्या विटांच्या खालून निघालेला. सकाळपासून तीनदा फील्डची वही उघडली आणि तीनदा मिटली. शेवटी म्हटलं, वहीत नको, तुलाच लिहावं. तुला वाचता येत नव्हतं, ते काय मला ठाऊक नाही? पण तेवढं कारण पुढे करून गप्प बसले तर ती माझी आणखी एक पळवाट होईल.

आत्या, तुझा आकडा बरोबर होता. नऊ मीटर सहासष्ट सेंटिमीटर. अगदी बरोबर होता!

हे एवढं एक वाक्य तुला सांगायला मला महिना लागला. आणि आता सांगायला तू नाहीस.

सुरुवात आठवते तुला? दिवाळी होऊन गेली होती. मी वर्ध्याहून आले ती पोलादी टेप, खडूचा डबा आणि लाल ऑइलपेंटची डबी घेऊन. तू ओसरीत बसून बाजारासाठी कोथिंबिरीच्या, म्हणजे तुझ्या सांभाराच्या, जुड्या बांधत होतीस. डबीकडे पाहून म्हणालीस, "हे काऊन आणलं वं? दार रंगवतं का?"

"दार नाही गं. विहिरी मोजायच्या आहेत. माझा प्रकल्प आहे."

"विहिरी मोजाच्या? मंग मोज ना! एक, दोन, तीन... दहा आहेत आपल्या शिवारात. झालं तुह्यं कालेज!"

बाबा अंगणात हात धूत होते, तेसुद्धा हसले. मी मात्र चिडले होते. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला फील्डवर्कच्या पद्धती शिकवतात, भूजल कसं मोजायचं ते शिकवतात, ही केवढी गंभीर गोष्ट! घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा पहिलीतच शाळेतून निघाले आणि तू तर शाळेची पायरीही चढली नाहीस, कारण तेव्हा बाबांना सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. त्यामुळे मला सगळं बिनचूक करायचं होतं. एकही आकडा चुकायला नको होता.

दुसऱ्या दिवशी तू बाजार बुडवून माझ्याबरोबर आलीस. काय करायचं ते मी तुला समजावलं. टेपच्या खालच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या हातभर पट्टीवर खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची. वर काढली की खडू जिथवर ओला झाला असेल तिथं पाणी. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक लाल ठिपका काढायचा आणि दर महिन्याला त्याच ठिपक्यापासून मोजायचं. मोटार चालली की पाणी खाली बसतं, म्हणून विजेची लाइन यायच्या आधी मोजायचं. दोनदा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "इतकं तर लग्न जुळवताना कोणी पाहत नाई."

आणि तरी पाळलंस तूच! मी आकडा मोठ्यानं वाचायचे, तू तो मोठ्यानं परत म्हणायचीस. प्रकल्पाचे सर आम्हाला तसं करायला लावायचे म्हणून मी तुलाही लावलं. शिवारभर ऐकू जायचं. बांधावरून कुणी विचारलं, "काय वं कमलाबाई, लिलाव मांडला का?" की तू म्हणायचीस, "हो! पाण्याचा! बोला, नऊ मीटर एक वार!"

सात नंबरच्या, म्हणजे शोभाबाईच्या, विहिरीवर ठिपका काढताना माझ्या हातून ब्रश जास्त भरला गेला. रंग कठड्याच्या कडेवरून आत ओघळला, आतल्या दगडावर वीतभर लाल रेघ उतरली. मी रडकुंडीला आले. घासलेट आणून पुसू म्हणाले. तू माझा हात धरलास. "राहू दे माय. कठड्याले नथ घातल्यासारखी दिसते. तुले देवानं दोन मनं देल्ली, एक करते अन् दुसरं त्याच्या मांगं मांगं पायत फिरते. कधी थकत नाई का तू?"

थकते गं. पण तेव्हा कबूल केलं नाही.

तुझा टेपवर विश्वास नव्हता हे मला माहीत होतं. तू टेप धरायचीस, पण कमरेला सुतळीचं गुंडाळं असायचंच. वांग्याच्या दोन ओळींमधलं अंतर तू सुतळीनं घ्यायचीस, मांडवाची उंची सुतळीनं, माझी उंचीही सुतळीनं. दर पोळ्याला मला भिंतीला टेकून उभं करायचीस आणि डोक्याशी एक गाठ मारायचीस. ती सुतळी अजून तुझ्या खोलीत खुंटीला आहे. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तुझी नोंद गाठीत असायची. मला हे माहीत होतं, आत्या. लहानपणापासून माहीत होतं! मग मला कळलं कसं नाही?

थांब. क्रमानं सांगते. नाहीतर मी मध्येच काहीतरी गाळेन.

माघापर्यंत मी दर महिन्याला येत होते. मग परीक्षा आल्या आणि मी तुला आकडे शिकवले. भाजी विकून हिशेब तुझा तोंडपाठ होता, पण आकडा काढता येत नव्हता. तू पाटीवर आठ दिवस गिरवलंस. तुझा नऊ उलटा यायचा. मी म्हणायचे, "आत्या, तो दुसऱ्या बाजूला तोंड करतो." तू म्हणायचीस, "माह्याशी रुसला असन." मग मी तुला एक छोटी वही दिली, दोऱ्यानं पेन्सिल बांधून. दहा विहिरींसाठी दहा पानं. आणि निघताना बजावलं, "काहीही झालं तरी लाल ठिपक्यापासूनच मोजायचं. दुसरीकडून कुठूनही नाही. डोकं चालवायचं नाही."

डोकं चालवायचं नाही! हे मी तुला म्हणाले.

चैत्रातले आकडे तू एकटीनं घेतलेस. मी तपासले. सगळे सुरेख होते. सात नंबरचं पाणी ठिपक्यापासून नऊ मीटर अकरावर होतं. सरांनीही कौतुक केलं. मी त्यांना सांगितलं की माझी आत्या मोजते. तुझं नाव सांगितलं नाही, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

मग मे महिना. तू फोनवर आकडे सांगितलेस, मी उतरवून घेतले. सहा नंबरची विहीर वीस सेंटिमीटरनं खाली गेली होती, आठ नंबरची बावीस. मधली सात नंबरची पंचावन्न! एका बाजूला शंभर पावलांवर सहा, दुसऱ्या बाजूला तेवढ्यावरच आठ, आणि मध्येच एवढा खड्डा? असं होत नाही. निदान सहज होत नाही.

मी तक्ता सरांना दाखवला. त्यांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला. म्हणाले, "ही नोंद वेगळी दिसते. परत मोजून घ्या. जमेल तेव्हा, घाई नाही."

मी "परत मोजून घ्या" एवढंच ऐकलं. "घाई नाही" हे मी ऐकलंच नाही. माझं कसं असतं ते तुला माहीत आहे. एक आकडा मनात अडकला की जेवण जात नाही, कुलूप लावलं की नाही ते पाहायला मी तीनदा परत जाते. खोलीवर येऊन मी तक्ता पुढ्यात घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "निरीक्षकाने प्रत्यक्ष विहिरीवर न जाता नोंद केली असावी."

हो आत्या, हे मी तुझ्याबद्दल लिहिलं. माझ्या अक्षरात. नीट, सरळ ओळीत.

आणि मग तुला फोन केला. सकाळचे अकरा वाजले होते. तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"आत्या, तू सात नंबरला खरंच गेली होतीस?"

"गेलती ना माय. शोभाच्या वावरात. काऊन?"

"मग हा आकडा असा कसा? तू घरीच बसून अंदाजानं तर नाही ना लिहिलंस?"

तू म्हणालीस, "नाई वं. ठिपक्यावरूनच मोजलं. तू सांगतलं तसंच. पण आशू, तो कठडा ना..."

"कठड्याचं राहू दे! मला आकडा हवाय. परत जा आणि परत मोज."

"जातो मी. ऊन उतरू दे, सांजेले जातो."

"संध्याकाळी नको. चार वाजता सर बसणार आहेत. त्याच्या आधी सांग."

"बरं," म्हणालीस. "कालेजात गेल्यापासून माह्याशी पुस्तकासारखं बोलते तू." आणि हसलीस. मी हसले नाही.

मे महिन्यातली भर दुपार, आत्या! सेलूपासून हिंगणीपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही त्या वेळी. बाबा बारा ते चार वावरात पाऊल टाकायला निघाले की तूच त्यांच्या अंगावर ओरडायचीस. डोक्याला ओला दुपट्टा, कमरेला कांदा, हे नियम घरात तुझेच. मग तू मला "नाही" का नाही म्हणालीस? बाबांना दटावलंस तसं मला का नाही दटावलंस? "गप बस पोरी, तुह्या सरले सांग आत्या सांजेले मोजते," एवढं म्हणायला काय हरकत होती तुझी? मी ऐकलं असतं. कदाचित रुसले असते, पण ऐकलं असतं.

साडेतीनला तुझा फोन आला. आवाज ओढलेला होता. मला तो तसा लागला होता, हे आज लिहून ठेवते. "तेच आलं माय. दोन खेपा मोजलं. तेच. अन् बाकीचं वहीत ठेवलं आहे. आली का पायजो."

"ठीक आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ठीक आहे! हे माझे तुझ्याशी बोललेले शेवटचे शब्द.

चार वाजता सरांना जाऊन सांगितलं, तोच आकडा परत आला. ते चकित झाले. "आजच मोजून घेतलंत? या उन्हात? अहो, मी घाई नाही म्हणालो होतो." तेव्हाच मी तुला फोन करायला हवा होता. पण मी सरळ खोलीवर आले.

संध्याकाळी तुला उलट्या झाल्या, अंग तापलं. बाबा तुला सेलूच्या दवाखान्यात घेऊन गेले. मला काही कळवलं नाही, माझा दुसऱ्या दिवशी पेपर होता. सकाळी सहाला बाबांचा फोन. "आत्या गेली आशू. ऊन लागलं म्हणते डॉक्टर."

आणि मी काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, "किती वाजता?"

बाबा म्हणाले, "पाच असन." मी टेबलावरच्या कागदावर "५" लिहिलं. तारीख लिहिली. हवामान: निरभ्र. आत्या, मी हे लिहिलं! कुणीतरी शिकवलेला हात आपोआप चालावा तसा. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. मी रडले ती दोन दिवसांनी, बसमध्ये, शेजारच्या बाईनं "सांभार कसा देल्ला वं" असं खिडकीतून कुणाला तरी विचारलं तेव्हा.

तेरवी झाल्यावर बाबांनी तुझी वही माझ्या हातात दिली. सात नंबरच्या पानावर नऊ सहासष्ट दोनदा लिहिलेलं होतं. खालच्या ओळीतला पहिला नऊ उलटा होता. पानाच्या मध्ये दीड वीत सुतळीचा तुकडा. मला वाटलं, पान सापडावं म्हणून खूण ठेवली असेल. मी तो तसाच ठेवून वही मिटली. दोन्ही टोकांशी गाठी होत्या. त्या मी पाहिल्या. पाहिल्या आणि काही विचारलं नाही.

यंदा पाऊस लांबला. काल या महिन्याची मोजणी होती. पहिल्यांदाच एकटीनं निघाले. एक ते सहा झालं. आकडा मोठ्यानं वाचायचे आणि परत म्हणायला कुणी नाही. सात नंबरवर आले, कठड्यावर ठिपका शोधला. लालभडक, ताजा, वर हळद आणि सुकलेली फुलं. मी टेप सोडली, आणि थबकले. टेप धरायला मला कोपर वर उचलावं लागत होतं. दिवाळीनंतर याच कठड्यावर मी पोट टेकवून वाकले होते. आता कठडा माझ्या छातीला लागत होता.

शोभाबाई घराच्या सावलीत नातवाला खेळवत होती. मी हाक मारून विचारलं, "काकू, कठडा उंच केला का तुम्ही?"

"केला ना! चैत्र सरता सरता. हा बाबू झाला, आता रांगन, उद्या चालन. विहीर पुजाले आलतो आम्ही बाराव्या दिवशी, तवाच याचा बाप म्हणे, कठडा ठेंगणा आहे. चार रद्दे विटा चढवल्या, एकावर एक चार थर."

"आणि हा ठिपका?"

"तो तर तुह्याच आहे की! बाळंतिणीनं विहिरीले कुंकू लावलं, तर सगळ्या बाया म्हणे इथं आधीच कोणं पुजलेलं दिसते, इथंच लावा. तवापासून तिथंच लावतो आम्ही. मंग विटा चढवल्या तर देव काय खाली दाबून ठेवाचा? तुह्या आत्याकडं रंगाची डबी राह्यली होती, मागून आणली अन् वर काढला, होता तिथंच. चुकलं का काई?"

तिला काय सांगणार होते मी? बिचारी किती काळजीनं विचारत होती!

मी कठड्यावर वाकले. बाहेरून सगळं सिमेंटनं लिंपलेलं होतं, पण आतल्या बाजूला नव्या विटा उघड्या होत्या. त्यांच्या खाली जुना दगड. आणि त्या दगडावर, विटांच्या खालून निघून वीतभर उतरलेली, माझी लाल रेघ. कठड्याची नथ.

शोभाबाई मागून बोलत होती. "त्या दिवशी कमलाबाईही अशीच वाकून पायत होती. भर दुपारी आलती. मी म्हटलं, बाई, सावलीत बैस. पाणी देल्लं तर अर्धा गिलास पेली. म्हणे, 'पोरीले आकडा पाह्यजे.' मंग कमरेची सुतळी काढली, इथून तिथवर धरली, गाठ मारली. मी म्हटलं, हे काय वं? तर म्हणे, 'माह्यं नाई ऐकत ते, सुतळीचं ऐकन.'"

आत्या!

मी आठ, नऊ, दहा मोजल्या नाहीत. घरी पळत आले. तुझ्या वहीतला तुकडा काढला, जमिनीवर सरळ ताणला, टेप लावली. गाठीपासून गाठीपर्यंत चौतीस सेंटिमीटर. परत मोजलं. चौतीस. मग परत विहिरीवर गेले आणि विटा मोजल्या. चौतीस.

नऊ सहासष्टमधून चौतीस वजा कर. नऊ बत्तीस. चैत्रात नऊ अकरा होतं. म्हणजे पाणी एकवीस सेंटिमीटरनं उतरलं. सहा नंबरसारखंच, आठ नंबरसारखंच. सगळं जुळलं! इतकं सुरेख जुळलं की मी तिथंच कठड्याला धरून खाली बसले.

तू मी सांगितलं तसंच केलं होतंस. लाल ठिपक्यापासून, दुसरीकडून कुठूनही नाही. तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं की कठडा वाढला. मी बोलू दिलं नाही. आणि दुसऱ्यांदा गेलीस ती आकडा आणायला नाहीच, तो तर तुला माहीत होता. तू गेलीस मला पुरावा द्यायला. तुझ्या शब्दाला माझ्यापाशी किंमत उरली नव्हती म्हणून!

माझ्या फील्डच्या वहीच्या पहिल्या पानावर सरांनी सांगितलेलं एक वाक्य आहे. पहिल्याच तासाला उतरवलेलं, खाली दोन रेघा मारलेलं. "आकडा पटला नाही तर आधी साधन तपासा, मग खूण तपासा, आणि सगळ्यात शेवटी माणूस." मी टेप तपासली नाही, ठिपका तपासला नाही. मी थेट तुझ्यावर गेले. वर्गातल्या कुणाच्या आकड्याबद्दल मी असं लिहिलं असतं का? सरांच्या असतं का? तुझ्याबद्दलच का लिहिलं? तुझा नऊ उलटा येतो म्हणून?

या प्रश्नाचं उत्तर मला येतं. म्हणूनच काल रात्री जेवले नाही.

डॉक्टर ऊन म्हणाले. तुला रक्तदाब होता, आदल्या दिवशी तू बाजारात उभी होतीस, हेही खरं. कशानं किती झालं ते मला मोजता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला. रात्रभर वजाबाकी करत राहिले. तू दुपारी गेली नसतीस तर... हा रकाना कधी भरणार नाही, हे मला कळतं. पण तुला तिथं कुणी पाठवलं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

आणि ते घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

बाबांना वाटतं तू वांग्यांना पाणी पाहायला गेली होतीस. रोज संध्याकाळी मोटारीचं बटण पाहून आले की ओसरीत टेकतात आणि भिंतीकडं पाहून म्हणतात, "भर उनात काऊन गेली असन ते? तिले काय समजत नव्हतं का?" रोज. मी सुट्टीत घरी आले की आत पोळ्या लाटत असते आणि ऐकत असते. एकदाही बाहेर येऊन सांगितलं नाही. उलट परवा ते म्हणाले, "म्हातारपणी बुद्धी फिरली बाईची," तेव्हाही मी गप्प राहिले. तुझी बुद्धी फिरली असं म्हणू दिलं मी, आत्या! माझी अब्रू वाचावी म्हणून.

माझ्या पुढ्यात आत्ता वहीतला तक्ता आहे. शेऱ्याच्या रकान्यातलं ते वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. बाजूला रबर आहे. दोन सेकंदांचं काम. कागदावर खूणही उरणार नाही. सरांना फक्त दुरुस्त आकडा दिसेल, "कठडा वाढला होता सर," एवढं म्हटलं की ते शाबासकीच देतील. सकाळपासून मी तो रबर किती वेळा हातात घेतला ते सांगत नाही.

पण फील्डच्या वहीत खोडायचं नसतं. चूक झाली तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आपली सही करायची. मी तुला हे शिकवलं होतं. तू म्हणाली होतीस, "म्हंजे चूकबी राहू द्याची? चांगलं आहे. कोणाची ते तरी समजते."

मी आत्ताच रेघ मारली. खालचं सगळं वाचता येतं. शेजारी सही केली. त्याखाली लिहिलं: "खूण चौतीस सेंटिमीटर वर सरकली होती. शोध: कमलाबाई, निरीक्षक." तुझं नाव. सोमवारी सर विचारतील हे आधी असं का लिहिलं होतं, तेव्हा सांगेन. सुतळीही त्यांना दाखवेन, पण देणार नाही. ती माझ्या उंचीच्या सुतळीशेजारी खुंटीला राहील.

उरलं बाबांचं.

सांजेचे सहा वाजत आले. शोभाबाईच्या बांधावरून बाबा येताना दिसताहेत, खांद्यावर तुझाच दुपट्टा आहे. ते पाय धुतील, टेकतील आणि तोच प्रश्न विचारतील. आज मी बाहेर येईन. हे पत्र घेऊन येईन.

बाबांना वाचता येत नाही. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. म्हणजे ते मलाच वाचून दाखवावं लागणार. मी मधलं एखादं पान उलटून पुढे गेले, फोनचे चार शब्द बदलले, शेऱ्याच्या रकान्यातलं वाक्य गिळलं, तर त्यांना कधी कळणार नाही. वाचता येणारीला एवढी सोय असते, हे मला आजच कळलं, आणि त्याची भीती वाटते.

तुला शब्द देते, आत्या. मी मोठ्यानं वाचेन. तू आकडा म्हणायचीस तेवढ्या मोठ्यानं, बांधापलीकडे ऐकू जाईल असं. आणि एकही ओळ गाळणार नाही.

तू जिला पोळ्याला भिंतीशी उभी करायचीस ती,
आशू